पार्सलबाबूच्या अकरा चकल्या

डब्याचं झाकण निघालं आणि आत बाबूच्याच चकल्या निघाल्या.

भाऊबीजेचा दुसरा दिवस होता. दुपारचे चार. माझ्या ओट्यावर सहा-सात माणसं चहा पीत बसली होती. समोरच्या हंसाबेनची नवी सून डबा घेऊन आली आणि बाबूच्या हातात देत म्हणाली, "काका, आमच्याकडून फराळ." पोरीचं लग्न होऊन पाच महिने झालेले. तिला काय माहीत? फडताळात डबा दिसला, काकांच्या घरी अजून काही गेलं नाही म्हणून घेऊन आली. बाबूला फराळ सहसा कुणी देत नाही, कारण तो घेत नाही. पण नव्या सुनेने दिला म्हणून खूश झाला आणि त्याने सगळ्यांसमोर झाकण काढलं.

चकल्या त्याच्याच आहेत हे कुणाला सांगायची गरज नव्हती. बाबूच्या सोऱ्याच्या चकतीचा एक दात तुटलेला आहे. त्यामुळे त्याच्या चकलीला सगळीकडून काटे असतात आणि एका बाजूने ती गुळगुळीत असते, अर्धी दाढी करून न्हाव्याच्या खुर्चीवरून उठल्यासारखी. अशी चकली उभ्या डहाणूत दुसऱ्या घरी होत नाही.

त्याने खिशातला आकड्याचा वजनकाटा काढला. डबा पिशवीत घातला, पिशवी आकड्याला लावली, डोळ्यांसमोर धरली.

"जेवढं बुक केलं तेवढंच," तो म्हणाला. "एक ग्रॅम कमी नाही."

मग त्याने बोटाने चकल्या मोजल्या. अकरा. अकराच घातल्या होत्या. मग डबा उलटा करून खालची चिठ्ठी वाचली. चिठ्ठीवर एक नंबर होता. एक नंबर म्हणजे मी.

सगळे चहाच्या कपात बघत होते. हंसाबेन धावत आली, "बाबूभाई, सूनला काय माहीत नाय, ती नवी छे," म्हणाली आणि त्याने सगळं आणखीच बिघडलं.

"वहिनी," बाबू माझ्याकडे बघून म्हणाला, "माल परत आला."

डबा ओट्यावर ठेवला आणि गेला.

आता हा बाबू कोण ते सांगते.

नाव मधुकर. मी मधू म्हणते, गल्ली पार्सलबाबू म्हणते. डहाणू रोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात त्याची सगळी नोकरी गेली. आमच्याकडचा चिकू तेव्हा करंड्यांतून रेल्वेने लांब लांब जायचा. माझा नवरा दुसऱ्यांच्या वाडीतल्या करंड्या स्टेशनवर न्यायचा आणि मधू त्या काट्यावर चढवायचा. तिथली त्यांची दोस्ती. म्हणून मी त्याची वहिनी. करंडीला वजन, चिठ्ठी आणि नंबर लावल्याशिवाय ती फलाटावर जायची नाही, आणि मधूने लावलेलं वजन दिल्लीला जाऊनही तेवढंच भरायचं, असं माझा नवरा सांगायचा. खरंखोटं मला माहीत नाही, मी दिल्लीला गेले नाही.

दोन हजार चौदा साली तो रिटायर झाला आणि महिन्याभरात छातीत कळ आली. वलसाडला नेला. डॉक्टरने आत जाळी बसवली आणि सांगितलं, तळलेलं बंद. एवढंच सांगितलं होतं. दुसरा कुणी असता तर त्याने आपलं बंद केलं असतं आणि गप्प बसला असता. मधूने अख्ख्या गल्लीचं बंद करायला घेतलं.

आणि गल्लीत तळणारी कोण? मी. नवरा गेल्यापासून घराच्या ओट्यावर कढई मांडली आहे. चार ते सात, भजी आणि वडे. स्टेशनकडे जाणारा रस्ता दारातूनच जातो, त्यामुळे गिऱ्हाईक असतं. मधूने काय करावं? चारच्या ठोक्याला आपलं स्टूल घेऊन यावं, कढईच्या समोर बसावं आणि येणाऱ्या प्रत्येक माणसाला विचारावं, "तळलंय की भाजलंय?"

समोर कढईत तेल उकळतंय. माणूस आंधळा आहे का?

"तळलंय," माणूस म्हणायचा.

"मग लगेज वाढणार," मधू म्हणायचा आणि त्याच्या पोटाकडे बघायचा.

पोटाला तो लगेज म्हणतो. एसटीचा एक ड्रायव्हर रोज यायचा, चांगला गोलमटोल माणूस. त्याला म्हणाला, "तुमचं लगेज सीटच्या पुढे आलंय. दोन तिकिटं लागतील." ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, हा तुमचा माणूस आहे का?" मी म्हटलं, "माझा नाही. पण स्टूल आणून बसतो त्याला मी काय करू? रस्ता सरकारचा आहे."

त्याचं दुसरं वेड कॅलरी. कॅलरी म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. दिसत नाही, वास येत नाही, आणि मधू म्हणतो माझ्या एका वड्यात ती खच्चून भरलेली असते. मी त्याला म्हटलं, "मी बटाटा घालते, मिरची घालते, लसूण घालते. कॅलरी मी घातलेली नाही. बेसनवाल्याला जाऊन विचार."

स्वतः मात्र तो पोट मारून राहिला नाही. खाण्याचा त्याला पहिल्यापासून नाद. तेलाशिवाय काय काय खाता येतं याचे प्रयोग त्याने सुरू केले. भाजक्या पोह्यांचा चिवडा, फोडणी न देता. खाताना असं वाटायचं की आपण नुसतं चावायचं काम करतो आहोत. नाचणीचे पापड गॅसवर भाजून त्यावर काकडी-टोमॅटो. हे बरं होतं, मी खाल्लं आहे. मटकीला मोड काढून लिंबू पिळून. बोंबील नुसता निखाऱ्यावर. ताडगोळ्यांच्या दिवसांत तर तो ताडगोळ्यांवरच असायचा, कारण त्यात म्हणे नुसतं पाणी. बिनसाखरेची चिकूची बर्फी केली, ती बर्फीसारखी कधी झालीच नाही; ताटात पसरून राहिली आणि आम्ही ती बोटाने चाटून खाल्ली. आणि प्रत्येक वस्तू तो वजन करून, पुडीत बांधून, चिठ्ठी लावून द्यायचा. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं: डहाणू ते डहाणू, इतके ग्रॅम, इतकी कॅलरी, आणि खाली सही. रेल्वेने सोडलं तरी त्याने रेल्वेला सोडलं नव्हतं.

माझ्या चुलत पुतण्याचं लग्न चिंचणीला होतं. मधू आला होता. पंगतीत वाढपी जिलबी घेऊन आला तर याने खिशातला काटा काढला. जिलबी कागदात गुंडाळली, आकड्याला लावली, आकडा बघितला आणि शेजारी बसलेल्या नवरीच्या मामाला वाचून दाखवला. मामाच्या ताटात चार होत्या. मामाने मधूकडे बघितलं, जिलब्यांकडे बघितलं आणि वाढप्याला म्हणाला, "अजून दोन टाक. हा मोजतोय तोपर्यंत खाऊन घेतो."

एकदा त्याला वाटलं की माझ्याच ओट्यावर एका कोपऱ्यात भाजक्या वस्तूंचा ठेला मांडावा. मी म्हटलं मांड. पाटी लिहिली, 'तेल नाही, भीती नाही'. आप्प्याच्या भांड्यात भजी भाजून ठेवली. तीन दिवस उभा होता. तिसऱ्या दिवशी एका कंडक्टरने एक भजं घेतलं, अर्धं खाल्लं, बराच वेळ चावलं आणि विचारलं, "काका, हे बनून झालंय का अजून व्हायचंय?" त्या संध्याकाळी पाटी उतरली. पण स्टूल राहिलं. स्टूल कधी हललं नाही.

खरं तोंड बंद केलं असेल तर लखमीने. लखमी सायवनकडची वारली बाई. सकाळच्या गाडीने भाजी घेऊन येते, दुपारपर्यंत आमच्या गल्लीत असते. मधू तिला सांगायला गेला, "लखमी, तेल कमी खात जा."

लखमी डोक्यावरची भाजीची पाटी उतरवून खाली बसली आणि हसायलाच लागली. "बाबू, आमचे घरा ये एक महिना. तेलाची बाटली पाव्हणा आला तं खोलते मी. नायतर नाय. जे तू पैसं खरचून शिकला, ते आमी फुकट करतो."

मधूने तिला वजनाला उभं केलं. घरात माणसाच्या वजनाचाही काटा आहे त्याच्या. आकडा बघितला, फार कमी होता, आणि तेलाचं बोलणं त्याने तिथेच सोडलं. दुसऱ्या दिवसापासून लखमीला रोज एक पुडी. शेंगदाणे आणि गुळाचा लाडू, चांगला मुठीएवढा. मी विचारलं, "आता तुझी कॅलरी कुठे गेली?"

"वहिनी, भार जास्त असला तरी पार्सल अडतं आणि कमी भरला तरी अडतं," तो म्हणाला. "चिठ्ठीवर असेल तेवढा पाहिजे."

लग्न त्याने केलं नाही. आई होती ती गेली. घरात तो, तीन काटे आणि एक इलेक्ट्रिकची भट्टी. ती भट्टी त्याने फंडाच्या पैशातून घेतली होती. तिच्यासमोर तो स्टूल टाकून बसायचा आणि काचेतून आत बघायचा, लोक टीव्ही बघतात तसा.

तर दोन हजार अठराच्या दिवाळीत त्या भट्टीत त्याने चकल्या भाजल्या. नऊ घरांत नऊ डबे वाटले. प्रत्येक डब्याच्या बुडाला चिठ्ठी. माझा डबा पहिला.

आता मी काय केलं ते सांगते. मी तो डबा उघडलाच नाही. त्या दिवाळीत मी कुणाचीच चकली तोंडात घातली नाही, हंसाबेनचीही नाही, माझी मी केलेलीही नाही. त्याचं कारण माझं मला माहीत होतं आणि ते कुणाला सांगायचं नव्हतं. शेजारच्या गायकवाडबाई शाळेवर शिक्षिका आहेत. त्या फराळ घेऊन आल्या. आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. समोर मधूचा डबा होता, तो दिला. गायकवाडबाईंनी तो ओळखला असणार. त्यांनी हंसाबेनला दिला. हंसाबेनने फडताळात टाकला. आणि तिथून सुनेने काढला. कुणी झाकण उघडलं नाही. डबा गल्लीत तीन घरं फिरला आणि आपल्या मालकाकडे गेला. एवढीच गोष्ट. मला त्याचं वाईट वाटलं का? वाटलं. पण दिवाळीत चकल्या फिरतात. माझ्या करंज्याही फिरल्या असतील. मी काही काटा घेऊन मागे गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता स्टूल आलं नाही.

मी म्हटलं, बरं झालं, गिऱ्हाइकाला शांतपणे खाता येईल. पण गिऱ्हाईकच विचारायला लागलं. "मावशी, ते लगेजवाले काका कुठे?" ड्रायव्हर म्हणाला, "आज दोन प्लेट खाल्ल्या तरी कुणी काही बोलेना. मजा नाही आली."

तिसऱ्या दिवशीही नाही. मी दारावरून गेले तर खिडकी लावलेली. भट्टीचा वास नाही. चौथ्या दिवशी लखमी आली आणि पाटी उतरवायच्या आधीच म्हणाली, "बाई, बाबूला काय झाला? तीन दिस झाले, काय घेत नाय. काकडी नाय, मोडाची मटकी नाय. आज लाडू पन नाय दिला. तो सांगतो, माज्या हातचा कोन खात नाय, तू पन नको खाऊ."

"तू काय म्हणालीस?"

"मी सांगला, मी रोज खाते. तं दार लावला."

पाचव्या दिवशी तो आला. स्टूल न घेता आला. दाढी वाढलेली. कढईत कांदाभज्यांचा घाणा होता. रांगेत उभा राहिला, ड्रायव्हरच्या मागे, आणि नंबर आल्यावर म्हणाला, "वहिनी, एक प्लेट भजी."

झारा माझ्या हातात तसाच राहिला.

"काय?"

"कांदाभजी. एक प्लेट."

"तळलेली आहेत."

"माहीत आहे."

"छातीत जाळी आहे तुझ्या."

"असू दे. चार वर्षं लोकांना सांगितलं, लोकांनी ऐकलं नाही. माझ्या वस्तू लोक खातात असं मला वाटत होतं. आता कळलं, सगळ्या गल्लीत फिरत होत्या. मग मी एकट्यानेच कशाला भाजकं खायचं? द्या. मीही माणसांत येतो."

"तुला नाही."

"मी गिऱ्हाईक आहे, वहिनी. पैसे देतोय."

"असशील. भजी संपली."

परात भरून समोर होती. वाफा येत होत्या. ड्रायव्हर एकदा परातीकडे बघत होता, एकदा माझ्याकडे.

"चार वर्षं मी तुमचं गिऱ्हाईक पळवलं," मधू म्हणाला, "तेव्हा तुम्ही मला कधी उठवलं नाही. आज मी घ्यायला आलो तर नाही म्हणता?"

"हो."

"नाक्यावर दुसरी गाडी आहे."

"जा मग. पण माझ्या हातची तुला मिळणार नाही. मी तुझ्यासाठी हॉस्पिटलच्या दारात बसणार नाही. माझे गुडघे दुखतात."

तो वळला. मी झारा धरून बघत होते, नाक्याकडे जातो की घराकडे. घराकडे गेला. तोपर्यंत माझा घाणा करपला. इतक्या वर्षांत पहिला. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, करपलेली अर्ध्या भावात द्या." त्याला फुकट दिली आणि कढई उतरवली. साडेचारलाच.

आत आले. फळीवर तो डबा होता. राग आला मला. एवढ्याशा अकरा चकल्यांनी माणूस अंथरुणाला लागायची पाळी. म्हटलं कोंबड्यांना घालू आणि डबा घासून परत करू. परसात नेला, एक चकली तोडायला घेतली. मधूची चकली म्हणजे वरवंटा लागणार, या हिशोबाने मी जोर लावला. ती बोटांत नुसती विस्कटली. भुगा झाला.

चाळीस वर्षं पिठात हात आहेत माझे. भाजलेली, तेलाचा थेंब नसलेली चकली अशी तुटत नाही. ती कडकन मोडते. मी भुग्यातली चिमूट जिभेवर ठेवली. न चावता विरघळली.

मोहन. पीठ मळण्याआधी त्यात गरम तेल घालतात, त्याला मोहन म्हणतात. त्याने चकली खुसखुशीत होते. आणि जास्त झालं तर चकली हसते, म्हणजे तेलात टाकल्यावर फुटून पसरते. यात मोहन जास्त होतं. फारच जास्त होतं. ज्या माणसाने चार वर्षं फोडणीलाही तेल घेतलं नाही, त्याने पिठात वाटीने तेल ओतलं होतं.

मी डबा उलटा केला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: नंबर एक. डहाणू ते डहाणू. वजन. आणि कॅलरीच्या जागी नुसती रेघ. मधूने हंसाबेनला दिलेला डबा मी बघितला होता, त्यावर कॅलरी होती. सगळ्यांच्या होती. माझ्यावर रेघ. खोटं लिहिणं त्याच्या हातून झालं नाही, आणि खरं लिहिलं असतं तर गल्लीने त्याला हसून मारलं असतं.

आता माझं कारण सांगते. त्या वर्षी जूनमध्ये माझे वरचे दात काढले. सगळे. वलसाडला गेले, मुलाला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. कवळी बसवली, ती बोचते म्हणून डबीत ठेवली. हसताना तोंडावर पदर, बोलताना थोडी मान खाली. कुणाला कळलं नाही, असं मी समजत होते. म्हातारपणी बाईला दात नसले तर काय बिघडतं? काही बिघडत नाही. पण भजीवाली बाई आपलंच भजं चावू शकत नाही, हे मला लोकांना कळू द्यायचं नव्हतं.

डबा घेतला आणि त्याच्या घरी गेले. दार वाजवलं.

"कोण?"

"नंबर एक."

कडी निघाली.

"किती मोहन घातलंस?" मी दारातच विचारलं.

"कशात?"

"मधू, मला शिकवू नकोस. किती?"

"तीन," तो म्हणाला. "मोठे चमचे."

"दोन वाट्या पिठाला? अरे, कढईत टाकल्या असत्यास तर हसल्या असत्या."

"म्हणून तर भट्टीत भाजल्या." त्याने दार पूर्ण उघडलं. "पहिल्यांदा एक चमचा घातला. मी खाऊन बघितली, वरचे दात न लावता. जमेना. मग दोन घातले. तरी हिरडीला टोचत होती. तीनला तुटली."

हा माणूस आपल्या स्वयंपाकघरात बसून, वरचा ओठ दातांवर ओढून, चकल्या खाऊन बघत होता.

"आणि ते तेल तू खाल्लंस?"

"गिळलं नाही. थुंकलं. वजन करून घेतलंय."

"माझ्या दातांचं तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? मी रोज समोर बसतो, वहिनी. जूनपासून तुम्ही भजं चहात बुडवून खाता. आधी कधी बुडवलं नाहीत. आणि पदर." त्याने आपल्या तोंडासमोर हात नेऊन दाखवलं. "मुलाला सांगितलंत का?"

"नाही."

"मीही कुणाला सांगितलं नाही."

चार वर्षं मला वाटत होतं की हा माझ्या गिऱ्हाइकांच्या पोटांकडे बघतो.

मी आत गेले आणि त्याच्या स्टुलावर बसले, भट्टीसमोरच्या. डबा मांडीवर घेतला. आणि चकल्या खाल्ल्या. एक परसात गेली होती, तिचा भुगा मी फडक्यात बांधून आणला होता, तोही खाल्ला. तोंडावर पदर घेतला नाही. मीठ कमी होतं, तीळ करपले होते आणि नाचणीने त्यांचा रंग शेणाच्या गोवरीसारखा आला होता. हे मी त्याला एकेक चकली खाताना सांगितलं. तो समोर उभा राहून मोजत होता.

"आठ," तो म्हणाला. "वहिनी, पुरे. लगेज होईल."

"गप्प बस. बुक केलं तेवढं पोचू दे."

डबा रिकामा झाला. रिकामा डबा परत करायचा नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हंसाबेनकडून आप्प्याचं भांडं आणलं आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा तेल न घालता कांदाभजी केली. वाईट झाली. बाहेरून कोरडी, आतून ओली. मी ती त्याच्या डब्यात भरून नेली. त्याने सहा खाल्ली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "छान झालीत, वहिनी." ज्या माणसाने आयुष्यात एका करंडीचं वजन खोटं लिहिलं नाही, तो माझ्या तोंडावर खोटं बोलला. मी चालवून घेतलं.

चार वाजता स्टूल आलं. ड्रायव्हर उभा होता. मधू बसला, खिसा चाचपून काटा आहे ना बघितलं आणि विचारलं, "तळलंय की भाजलंय?"

"तळलंय," ड्रायव्हर खुशीत ओरडला. "आणि दोन प्लेट घेणार आहे!"

गायकवाडबाई त्या दिवशी भजी न्यायला आल्या, तेव्हा हळूच मला विचारून गेल्या, "बाबूंच्या त्या डब्याचं काय झालं हो?" हंसाबेननेही विचारलं. मी त्यांना मोहनाचं सांगितलं नाही, दातांचंही नाही. ते आत्ता इथेच पहिल्यांदा सांगते आहे. त्यांना मी एवढंच म्हटलं की बाबूच्या चकल्यांना सगळी गल्ली भ्याली, पण अकराच्या अकरा एका बैठकीत खाऊन जिवंत राहिलेलं माणूस एकच आहे, ते म्हणजे मी, यमुना राऊत, वय बहात्तर.